माध्यमिक स्तरावरील सामाजिक शास्त्रे : पाठ्यपुस्तक आणि परिसर यांतील अंतर
(अकलूज परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा)

प्रस्तावना

माध्यमिक शाळेतील इतिहास, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र हे विषय गुणपत्रिकेवर ‘सामाजिक शास्त्रे’ या एकाच नावाखाली येतात. महाविद्यालयात कला शाखेचे वर्ग घेणाऱ्या प्राध्यापकांना या विषयांच्या अध्यापनाचे फलित प्रत्यक्ष पाहावयास मिळते. विद्यार्थ्याला सनावळ्या आठवतात, व्याख्या सांगता येतात. परंतु आपल्या गावाचा कारभार कोणत्या कायद्याने चालतो, किंवा घरी आलेल्या ऊसबिलातील रक्कम कशी ठरली, हे विचारल्यास तो गप्प होतो. याचा दोष विद्यार्थ्याला अथवा शिक्षकाला देऊन आपण मोकळे होतो. प्रस्तुत लेखात त्याऐवजी अभ्यासक्रमाच्या रचनेची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी बालभारतीची इयत्ता नववीची (२०१७) आणि दहावीची (२०१८) ‘इतिहास व राज्यशास्त्र’ ही पाठ्यपुस्तके आधारभूत मानली असून, ती सोलापूर जिल्ह्यातील अकलूज या नीराकाठच्या गावी बसून वाचली आहेत. राज्याने २०२५-२६ पासून पहिलीपासून टप्प्याटप्प्याने नवा अभ्यासक्रम आणण्यास आरंभ केला आहे. नववी-दहावीची पुस्तकेही त्या ओघात बदलणार असल्याने ही चिकित्सा अस्थानी ठरू नये.

इतिहास : पद्धती मोठी, स्वाध्याय छोटा

दहावीच्या पुस्तकाचे प्रथम मोकळेपणाने अभिनंदन केले पाहिजे. राजांच्या वंशावळी आणि लढायांच्या तारखा यांपलीकडे जाऊन ‘इतिहास लिहिला कसा जातो’ हा प्रश्न पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यापुढे ठेवण्याचे धाडस त्याने केले. पहिली दोन प्रकरणे इतिहासलेखनाच्या पाश्चात्त्य आणि भारतीय परंपरांवर आहेत. त्यांत रांके, मार्क्स, फुको येतात, तसेच कल्हण, वि. का. राजवाडे, दामोदर धर्मानंद कोसंबी आणि रणजित गुहा हेही येतात. पुढे उपयोजित इतिहास, कला, प्रसारमाध्यमे, मनोरंजन, खेळ, पर्यटन आणि ऐतिहासिक ठेव्यांचे जतन असा क्रम आहे. पदवीच्या वर्गातही जे विवेचन अनेकदा राहून जाते, ते येथे शालेय स्तरावर आले आहे.

उणीव आहे ती पुढच्या पायरीत. प्रकरण सांगते की इतिहासकार साधनांना प्रश्न विचारतो. आणि प्रकरणाखालचा स्वाध्याय विचारतो की आधुनिक इतिहासलेखनाचा जनक चार नावांपैकी कोण. जी पद्धती शिकवावयाची तीच नावांच्या यादीत रूपांतरित झाली. प्रश्न विचारण्यास शिकवणारा धडा स्वतः मात्र पाठ केला जातो, ही विसंगती पुस्तकाच्या हेतूलाच बाधक आहे.

अकलूजच्या विद्यार्थ्याजवळ या पद्धतीचे साहित्य हाताशी आहे. नीरा नदीच्या काठी भुईकोट किल्ला आहे आणि त्याच किल्ल्यात अलीकडच्या काळात उभारलेली, शिवचरित्रातील प्रसंग शिल्परूपाने दाखवणारी शिवसृष्टी आहे. किल्ल्याचे जुने बांधकाम हे भूतकाळाचे साधन आहे. शिवसृष्टी हे वर्तमानाने केलेले भूतकाळाचे चित्रण आहे. एकाच आवारात उभ्या असलेल्या या दोहोंतील भेद ज्या विद्यार्थ्याला उमगला, त्याला ‘उपयोजित इतिहास’ हे प्रकरण वेगळे शिकवावे लागणार नाही. १६८९ च्या आरंभी औरंगजेबाची छावणी अकलूज येथे होती आणि छत्रपती संभाजी महाराज पकडले गेल्याची वार्ता त्याला याच मुक्कामी समजली, असे मोगल दरबारी इतिहासावरून दिसते. तीच घटना मराठी बखरींत निराळ्या स्वरात येते. दरबारी इतिहासकार कोणासाठी लिहीत होता, बखरकार कोणासाठी आणि किती वर्षांनंतर लिहीत होता, हे दोन प्रश्न वर्गात विचारले गेले, तर रांके आणि फुको यांची नावे विसरली तरी चालतील. येथील लावणी स्पर्धा राज्यभर परिचित आहे. मनोरंजनाच्या माध्यमांचा इतिहास शिकवताना ती बाजूस ठेवून दूरची उदाहरणे शोधण्याचे कारण नाही.

राज्यशास्त्र : सहावीत सुटलेला धागा

इतिहास व राज्यशास्त्राची लेखी परीक्षा ४० गुणांची असून त्यांपैकी २८ गुण इतिहासाला आणि १२ गुण राज्यशास्त्राला आहेत. नववीच्या राज्यशास्त्रात महायुद्धोत्तर घडामोडी, परराष्ट्र धोरण, सुरक्षा व्यवस्था, संयुक्त राष्ट्रे असा आंतरराष्ट्रीय आशय आहे. दहावीत संविधानाची वाटचाल, निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, चळवळी आणि लोकशाहीसमोरील आव्हाने ही पाच प्रकरणे आहेत. प्रत्येक विषय आवश्यकच आहे. परंतु ग्रामीण आणि शहरी स्थानिक शासन यांचे विस्तृत विवेचन सहावीच्या नागरिकशास्त्रात, म्हणजे अकरा-बारा वर्षांच्या वयात उरकले गेले. सातवीत संविधान आणि आठवीत संसद, न्यायव्यवस्था व राज्यशासन येते. मतदार होण्यास तीन वर्षे उरली असताना स्थानिक शासनाकडे मात्र स्वतंत्र प्रकरणाच्या रूपाने परत येणे होत नाही.

हे अंतर किती महत्त्वाचे आहे ते अकलूजच्या उदाहरणावरून ध्यानात येईल. राज्यातील मोठ्या ग्रामपंचायतींत गणली जाणारी अकलूज ग्रामपंचायत, ग्रामस्थांच्या आंदोलनानंतर २०२१ मध्ये नगरपरिषद झाली. हा केवळ पाटीवरील नावाचा बदल नव्हे. गाव १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कक्षेतून निघून १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कक्षेत आले. ७३ व्या घटनादुरुस्तीऐवजी ७४ वी घटनादुरुस्ती लागू झाली. ग्रामसभा गेली, जिल्हा परिषद आणि पंचायत समिती यांच्याशी असलेले निवडणुकीचे नाते संपले, कर आकारणी, बांधकाम परवाने आणि योजनांचे निकष बदलले. याच काळात राज्यातील असंख्य स्थानिक संस्थांच्या निवडणुका आरक्षणविषयक न्यायालयीन वादामुळे लांबल्या आणि कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. नगरपरिषदांच्या निवडणुका अखेर डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या.

ज्या मुलाने २०२१ मध्ये सहावीत ग्रामसभेविषयी वाचले, त्याच्या गावातील ग्रामसभा त्याच वर्षी इतिहासजमा झाली. आणि दहावीत पोहोचल्यावर त्याला या बदलाचा अर्थ सांगणारे प्रकरण मिळाले नाही. लोकसभा-विधानसभेची निवडणूक भारत निवडणूक आयोग घेतो आणि नगरपरिषदेची राज्य निवडणूक आयोग, या दोन स्वतंत्र घटनात्मक यंत्रणा आहेत, हे पदवीधरांनाही अनेकदा ठाऊक नसते. निवडून आलेल्या सदस्यांविना स्थानिक संस्था वर्षानुवर्षे चालणे हे लोकशाहीसमोरील आव्हान नव्हे काय, हा प्रश्न पाचव्या प्रकरणात सहज सामावला असता.

अर्थशास्त्र : घर नसलेला विषय

तिन्ही विषयांत सर्वांत उपेक्षित आहे ते अर्थशास्त्र. पूर्वीच्या अभ्यासक्रमात ते भूगोलाच्या जोडीने निदान शीर्षकात उभे होते. विद्यमान रचनेत ते विखुरले आहे. नववीच्या इतिहासात ‘आर्थिक विकास’ आणि ‘उद्योग व व्यापार’ ही प्रकरणे आहेत. भूगोलात अर्थशास्त्राची तोंडओळख आणि अर्थव्यवस्थेवरील प्रकरण आहे. पंचवार्षिक योजना, १९६९ चे बँकांचे राष्ट्रीयीकरण, १९९१ चे आर्थिक धोरण हे सर्व घटनाक्रम म्हणून येते. किंमत कशी ठरते, जोखीम कोण उचलतो, नफा कोणाकडे जातो, हे अर्थशास्त्राचे मूळ प्रश्न मात्र मागे पडतात. एनसीईआरटीच्या २००५ च्या आराखड्यानंतरच्या पुस्तकांत अर्थशास्त्राला स्वतंत्र पुस्तक मिळाले आणि नववीचा आरंभ पालमपूर या काल्पनिक खेड्याच्या अर्थव्यवहाराने झाला. जमीन, श्रम आणि भांडवल या संकल्पना तेथे एका गावाच्या चित्रातून उलगडतात.

माळशिरस तालुक्यात असे खेडे कल्पावे लागत नाही. नीरा उजव्या कालव्याचे पाणी आल्यावर सासवडकडील माळी शेतकऱ्यांनी एकत्र येऊन १९३२ मध्ये माळीनगर येथे साखर कारखाना काढला. तो शेतकऱ्यांचा असला तरी त्याचे स्वरूप कंपनीचे होते. प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५० चा; त्यानंतर सहकाराची लाट राज्यभर पसरली आणि अकलूजजवळ यशवंतनगर येथेही शंकरराव मोहिते-पाटील यांच्या नेतृत्वाखाली सहकारी कारखाना उभा राहिला. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने खाजगी कारखान्यांच्या मोठ्या जमिनी गेल्या आणि राज्य शेती महामंडळ अस्तित्वात आले. कंपनी, सहकारी संस्था आणि सरकारी महामंडळ ही मालकीची तीन रूपे समजावण्यास यापेक्षा सुलभ पाठ कोणता? आणि तरीही सहकाराचा आर्थिक संस्था म्हणून उलगडा करणारे स्वतंत्र प्रकरण नववी-दहावीच्या या पुस्तकांत नाही.

ऊसदराचेच उदाहरण घ्यावे. ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा. त्यातील किमान दराची जागा २००९ मध्ये रास्त व किफायतशीर दराने, म्हणजेच एफआरपीने घेतली. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के साखर उताऱ्यास क्विंटलमागे ३५५ रुपये असा दर केंद्राने जाहीर केला असून, उतारा ०.१ टक्क्याने वाढल्यास ३.४६ रुपयांची वाढ आहे. म्हणजे ११.२५ टक्के उताऱ्यास दर क्विंटलला ३८९.६० रुपये, अर्थात टनाला ३,८९६ रुपये होतात. त्यातून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा जातो. ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे देण्याचे बंधन आहे. दहावीच्या विद्यार्थ्यास हे गणित सहज जमेल. गणित झाल्यावर तो विचारील : दर केंद्राने का ठरवावा? साखरेचा भाव पडला तर कारखान्याने काय करावे? आणि तोडणीखर्च म्हणून वजा झालेली रक्कम ज्या मजुराकडे जाते, त्याचे मूल या हंगामात कोणत्या शाळेत आहे? मराठवाड्यातून आलेली ऊसतोड कुटुंबे गावाबाहेरच्या कोप्यांत महिनोन् महिने राहतात. पाठ्यपुस्तकातील ‘दुर्बल घटकांचे सक्षमीकरण’ हे प्रकरण आणि शाळेबाहेरची ती कोपी यांच्यात जे अंतर आहे, तेच प्रस्तुत लेखाचे अंतर आहे.

मूल्यमापन : वीस गुणांचा प्रश्न

रचनेइतकेच महत्त्व मूल्यमापनास आहे. २०१८-१९ मध्ये दहावीच्या भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांतील अंतर्गत गुण बंद करण्यात आले. मार्च २०१९ चा राज्याचा निकाल ७७.१० टक्के लागला. आदल्या वर्षी तो ८९.४१ टक्के होता. टीका झाल्यावर अंतर्गत गुण पुन्हा सुरू झाले. २०२० मध्ये निकाल ९५.३० टक्क्यांवर गेला. या आकड्यांवरून घाईने निष्कर्ष काढू नये. २०१९ मध्ये पुस्तके आणि प्रश्नपत्रिकाही नव्या होत्या. २०२० मध्ये करोनामुळे भूगोलाची परीक्षा रद्द होऊन सरासरीने गुण दिले गेले. परंतु त्या वादात एक गोष्ट उघड झाली. अंतर्गत गुण निकाल वाढवतात की फुगवतात, एवढीच चर्चा झाली; त्या गुणांतून विद्यार्थी काय शिकतो, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. स्थानिक अभ्यासाला अभ्यासक्रमात जागा आहे ती नेमकी याच गुणांत, आणि ती जागा बहुधा वह्यांतील उतरवलेल्या उत्तरांनी भरली जाते.

एक आक्षेप

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. राज्यासाठी लिहिलेल्या पुस्तकात प्रत्येक गाव कसे येणार, हा त्याचा सोपा भाग. पुस्तकाने गाव देऊ नये, गावाकडे नेणारे प्रश्न द्यावेत, हे त्याचे उत्तर. कठीण भाग निराळाच आहे. परिसराचा अभ्यास हा परिसराचा गौरव होऊन बसण्याचा धोका मोठा आहे. पश्चिम महाराष्ट्रातील अनेक गावांप्रमाणे अकलूजमध्येही कारखाना, शिक्षणसंस्था आणि राजकारण यांचे नेतृत्व दीर्घकाळ एकाच घराण्याशी निगडित राहिले आहे. अशा ठिकाणी स्थानिक इतिहासाचा प्रकल्प जयंतीच्या भाषणाचे रूप घेण्यास वेळ लागत नाही. शिक्षकाची नोकरीही स्थानिक संस्थेतच असते, याचा विसर पडू देता कामा नये.

हा धोका मान्य करूनही परिसर टाळणे हा उपाय ठरत नाही. कारण टाळलेला परिसर विद्यार्थी भाषणांतून आणि फलकांतूनच शिकतो. उपाय पहिल्या दोन प्रकरणांतच आहे. एकाच प्रश्नावर किमान दोन परस्परभिन्न साधने वाचल्याशिवाय प्रकल्प पूर्ण मानू नये, एवढा नियम पुरे. कारखान्याचा वार्षिक अहवाल आणि सभासदाचे ऊसबिल. नगरपरिषदेचा अर्थसंकल्प आणि प्रभागातील नळाची वेळ. शिवसृष्टीतील शिल्प आणि किल्ल्याची भिंत. दोन साधने समोर आली की गौरवाचे रूपांतर विचारात होऊ लागते, आणि शिक्षकालाही स्वतःचे मत न सांगता विद्यार्थ्यास विचारप्रवृत्त करता येते.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. विद्यमान इतिहास पुस्तकाची पद्धतीवरील भिस्त योग्य असून नव्या पुस्तकांत ती टिकावी; मात्र स्वाध्याय त्या पद्धतीला अनुरूप असावेत. स्थानिक शासन हा विषय दहावीत पुन्हा, कायदा आणि अर्थसंकल्प यांच्या अंगाने यावा. अर्थशास्त्रास सलग स्थान मिळावे आणि त्यात सहकाराचे गुण-दोष दोन्ही असावेत. अंतर्गत गुण दोन साधनांच्या परिसर-अभ्यासासाठी राखून ठेवावेत.

यांपैकी शेवटच्या सूचनेसाठी शासननिर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. महाविद्यालयांतील इतिहास, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र विभागांनी एकत्र येऊन आपल्या तालुक्याची एक साधनपुस्तिका तयार केली, तर परिसरातील माध्यमिक शिक्षकांना तिचा तत्काळ उपयोग होईल. दहावीनंतर विद्यार्थी तयार होऊन येत नाहीत अशी तक्रार आपण प्राध्यापक दरवर्षी जूनमध्ये करतो. ती करण्यापूर्वी, ते ज्या वर्गातून येतात त्या वर्गाला आपण काय दिले, याचा हिशेब आपणही मांडला पाहिजे.