ज्ञात शेवट आणि प्रेक्षकांचा न्याय : 'रात्रीस खेळ चाले २' या पूर्वकथेची चिकित्सा

प्रस्तावना

गुन्ह्याची कथा वाचणारा वा पाहणारा रसिक शेवटाकडे डोळे लावून बसलेला असतो. गुन्हा कोणी केला, का केला आणि गुन्हेगार हाती लागेल काय, या तीन प्रश्नांवर त्याचे कुतूहल टिकून राहते. परंतु एखादी कथा लोकप्रिय झाल्यानंतर तिच्या पूर्वी घडलेल्या घटना सांगणारी दुसरी कथा रचली जाते, तेव्हा हे कुतूहल मुळातच बदलते. कोण मरणार आणि कोण उरणार हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असते. अशा रचनेला 'पूर्वकथा' असे म्हणता येईल. मराठी दूरचित्रवाणीवरील या प्रकाराचे ठळक उदाहरण म्हणजे झी मराठी वाहिनीवरील 'रात्रीस खेळ चाले' या मालिकेचे दुसरे पर्व होय. पहिले पर्व २०१६ मध्ये प्रसारित झाले. दुसरे पर्व १४ जानेवारी २०१९ रोजी सुरू झाले व २९ ऑगस्ट २०२० रोजी संपले. या पर्वाचा शेवट, त्यातील प्रमुख पात्रे आणि त्यांच्याविषयी प्रेक्षकांत झालेली चर्चा यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

ही मालिका रूढ अर्थाने भयकथा म्हणून ओळखली जाते. तथापि तिच्यातील भुताखेतांचे आवरण बाजूला सारले असता खाली उरते ती गुन्ह्याचीच कथा. जमिनीचा लोभ, स्त्रीविषयक वासना, त्यांपायी झालेले खून आणि त्या खुनांवर घराने व गावाने घातलेले पांघरूण हा तिचा खरा आशय आहे.

पूर्वकथेचे बंधन

पहिल्या पर्वाचा आरंभ अण्णा नाईक याच्या मृत्यूने होतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आकेरी येथील वाड्यात नाईक कुटुंब त्या निमित्ताने एकत्र येते आणि गूढ घटनांची मालिका सुरू होते. या पर्वात अण्णा प्रामुख्याने इतरांच्या आठवणींतून आणि भीतीतून प्रकट होतो. तो कसा माणूस होता, हे त्याच्या पत्नीच्या, माईच्या मौनावरून आणि मुलांच्या आपसांतील वैरावरून ताडावे लागते. शेवंता ही तर केवळ एक कुजबुज असते.

दुसऱ्या पर्वाने ही कुजबुज उघड केली. माधव अभ्यंकर यांनी साकारलेला अण्णा, अपूर्वा नेमळेकर यांची शेवंता आणि शकुंतला नरे यांची माई या तीन पात्रांभोवती पर्व उभे राहिले. मालिकेच्या लेखनात सहभागी असलेल्या प्रल्हाद कुडतरकर यांनीच विसराळू पांडूची भूमिका केली होती. त्यामुळे दोन पर्वांना सांधणारा एक दुवा लेखन आणि अभिनय या दोन्ही अंगांनी कायम राहिला.

पूर्वकथेच्या लेखकावर एक मोठे बंधन असते. त्याला पात्रांना मूळ कथेच्या उंबरठ्यावर आणून सोडावेच लागते. अण्णा पहिल्या पर्वाच्या आरंभी मरण पावला आहे आणि त्याचा दरारा मृत्यूनंतरही घरावर कायम आहे, हे एकदा ठरून गेल्यावर दुसऱ्या पर्वात त्याला अटक होणे, त्याच्यावर खटला चालणे, त्याला शिक्षा होणे या सर्व शक्यता आपोआप मिटतात. कायद्याच्या मार्गाने होणारा न्याय पूर्वकथेने नाकारला असे म्हणण्यापेक्षा, मूळ कथेनेच तो अशक्य करून ठेवला होता, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. त्यामुळे शिक्षेचा सारा भार मालिकेने मृतांवर टाकला. ज्यांचे बळी गेले तेच अखेरीस अण्णाचा छळ मांडतात.

ज्ञात शेवटाची मराठी परंपरा

शेवट ठाऊक असला म्हणजे रसभंग होतो, ही समजूत मराठी रसिकाच्या बाबतीत खरी नाही. कोकणातील दशावतारी नाटकाला बसलेल्या प्रेक्षकाला संकासुराचे काय होणार हे माहीत असते. कीर्तनाच्या उत्तररंगातील आख्यानही त्याने अनेकदा ऐकलेले असते. तरीही तो रात्र जागवतो. काय घडले यापेक्षा कसे घडले आणि त्याचा दोष कोणाकडे जातो, हे त्याला पाहावयाचे असते.

कोल्हापूरच्या वाचकाला तर या परंपरेची दोन थोर उदाहरणे घरचीच आहेत. वि. स. खांडेकर यांची 'ययाति' (१९५९) आणि मूळचे आजऱ्याचे शिवाजी सावंत यांची 'मृत्युंजय' (१९६७) या दोन्ही कादंबऱ्यांचा शेवट महाभारत ऐकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. दोन्ही कादंबऱ्यांनी एकच कथा अनेक पात्रांच्या मुखातून वदवली. 'ययाति'मध्ये ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू स्वतः मांडतात. खांडेकरांनी १९२० ते १९३८ हा काळ सिंधुदुर्गातील शिरोडे येथे शिक्षक म्हणून घालवला आणि पुढे कोल्हापूर ही त्यांची कर्मभूमी झाली. म्हणजे घाटाच्या खालची भूमी आणि घाटावरचे हे शहर या दोहोंशी त्यांचे नाते होते.

ही तुलना केवळ भौगोलिक नाही. वासनेच्या आहारी गेलेला सत्ताधारी पुरुष, त्याची विवाहित पत्नी आणि विवाहबाह्य नात्यातील दुसरी स्त्री हा त्रिकोण 'ययाति'मध्ये आहे तसाच 'रात्रीस खेळ चाले २' मध्येही आहे. भेद आहे तो वाणीचा. देवयानी आणि शर्मिष्ठा यांना खांडेकरांनी स्वतःची कहाणी सांगण्याचा हक्क दिला. माई आणि शेवंता यांना असा हक्क पुरेसा मिळाला काय, हा या मालिकेच्या शेवटासंबंधीचा खरा प्रश्न आहे.

प्रेक्षकांच्या चर्चेतील तीन प्रश्न

दुसऱ्या पर्वाचा शेवट जवळ आला तो काळ सामान्य नव्हता. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे चित्रीकरण थांबले आणि नवे भाग १३ जुलै २०२० पासून पुन्हा सुरू झाले. त्यानंतर अवघ्या सात आठवड्यांत पर्व संपले. घराघरांत अडकलेल्या प्रेक्षकांमध्ये जी चर्चा झाली, तिच्यातील प्रश्न तीन गटांत मांडता येतात.

पहिला प्रश्न जुळणीचा होता. पहिल्या पर्वात जे सांगितले गेले त्याच्याशी दुसऱ्या पर्वातील घटना जुळतात काय, याचा हिशेब चोखंदळ प्रेक्षक सतत मांडत असतो. हा प्रश्न क्षुल्लक मानण्याचे कारण नाही. गुन्ह्याच्या कथेत पुराव्याला जे स्थान असते, तेच पूर्वकथेत जुळणीला असते. जुळणी ढासळली की प्रेक्षकाचा निवेदकावरील विश्वास उडतो.

दुसरा प्रश्न शेवंतेचा होता. ती अण्णाच्या पापात भागीदार होती की त्याची आणखी एक बळी होती, यावर प्रेक्षकांत सरळ दोन तट पडलेले दिसतात. एका पक्षाला तिच्यात माईचा संसार उद्ध्वस्त करणारी स्त्री दिसते. दुसऱ्या पक्षाला पुरुषाच्या शब्दावर विसंबून फसलेली स्त्री दिसते. अपूर्वा नेमळेकर यांच्या अभिनयाने ही दोन्ही रूपे एकाच वेळी जिवंत ठेवली आणि त्यामुळेच वाद मिटला नाही.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आहे. ज्या माणसाने इतक्यांचे आयुष्य उद्ध्वस्त केले, तो प्रेक्षकांना इतका आवडला कसा? अण्णाची नजर, त्याची चाल आणि त्याचा मालवणी बोलीतील दरारा यांची घरोघरी नक्कल झाली. अण्णा आणि शेवंता ही जोडी विनोदाचा विषय झाली. भय आणि हसू एकत्र आले, की गुन्ह्याची धार बोथट होते.

संबोधनातील न्याय

या आवडीचे एक मूळ भाषेतच सापडते. 'अण्णा' हे नात्यातील आदराचे संबोधन आहे. त्यामुळे चर्चा करणारा प्रेक्षक नकळत 'अण्णा गेले', 'अण्णांनी मारले' असेच बोलतो. 'माई' हे संबोधनही आदरार्थी आहे. मात्र 'शेवंता' या नावामागे ना ताई आहे, ना काकी, ना वहिनी. ती 'गेली' आणि तिने 'केले' असे एकवचनातच बोलले जाते. खुनी माणसाला बहुवचन आणि त्याने फसवलेल्या स्त्रीला एकवचन, असा निवाडा चर्चा सुरू होण्यापूर्वीच मराठी व्याकरणाने देऊन टाकलेला असतो. घराच्या आत कोण आणि बाहेर कोण, हे संबोधनच ठरवते. समीक्षेने हे आदरार्थी रूप जाणीवपूर्वक बाजूला ठेवले पाहिजे, अन्यथा तीही वाड्याचीच भाषा बोलू लागेल.

माईचे पात्र या दृष्टीने अधिक विचारास पात्र आहे. तिला सारे दिसते आणि तरीही ती घर सोडत नाही. तिचे मौन पतिव्रतेचे की असहायतेचे? मुलांचे पोट, माहेरी परतण्याची लाज आणि जमिनीवर पुरुषाची असलेली पकड यांचा विचार केला, तर ते दुसऱ्या प्रकारचे ठरते. पहिल्या पर्वातील माई का गप्प असते, याचे उत्तर दुसरे पर्व देते. पूर्वकथेने मूळ कथेत घातलेली ही सर्वांत मोलाची भर होय. दुसरे पर्व पाहून पुन्हा पहिले पर्व पाहणाऱ्यास माईचा प्रत्येक हुंकार निराळा ऐकू येतो.

शिक्षा आणि कबुली

या शेवटाचे मोल ठरवताना एका परदेशी पूर्वकथेशी तुलना उपयुक्त ठरते. 'ब्रेकिंग बॅड' (२००८-२०१३) या अमेरिकी गुन्हेगारी मालिकेची पूर्वकथा असलेली 'बेटर कॉल सॉल' २०१५ ते २०२२ या काळात प्रसारित झाली. तिच्यातील किम वेक्सलर हे पात्र मूळ मालिकेत नव्हते. त्यामुळे तिचे पुढे काय झाले, ही चिंता प्रेक्षकाला अखेरपर्यंत लागून राहिली. शिवाय शेवटच्या भागात ही मालिका मूळ कथेच्या काळापलीकडे गेली. अवघ्या सात वर्षांच्या शिक्षेवर सुटण्याची तजवीज करून बसलेला नायक न्यायालयात उभा राहून आपला दोष स्वतः कबूल करतो आणि ८६ वर्षांची शिक्षा ओढवून घेतो.

येथे शिक्षा आणि कबुली यांतील अंतर स्पष्ट होते. अण्णाला शिक्षा मिळते, पण ती भयाच्या रूपाने. भय वाटणे म्हणजे पश्चात्ताप होणे नव्हे. मृतांनी सूड घेतला, तरी ज्यांचे आयुष्य त्याने नासवले त्या जिवंत माणसांना त्यातून काही मिळत नाही. माईची क्षमा मागितली जात नाही, मुलांना सत्य सांगितले जात नाही आणि ज्यांनी पाहून न पाहिल्यासारखे केले त्यांना कोणी जाब विचारत नाही. म्हणूनच पहिल्या पर्वातील कुटुंब त्या ओझ्याखाली दबलेले दिसते. पूर्वकथेचा शेवट मूळ कथेशी जुळतो तो याच अर्थाने, की न फेडलेले ऋण तो पुढील पिढीच्या हाती देतो.

मालिकेच्या बाजूने एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. भुतांनी गुन्हेगारास शासन करावे, ही कल्पना केवळ अंधश्रद्धेचा प्रकार म्हणून निकाली काढता येत नाही. जेथे सावकाराच्या वा जमीनदाराच्या विरोधात साक्ष देण्यास कोणी धजत नाही, तेथे लोककथा मेलेल्यांना साक्षीदार करते. जिवंतांना न बोलता आलेले मृतांच्या तोंडी घालणे हा दुर्बळांचा एक जुना उपाय आहे. परंतु दुर्बळांचा उपाय हा न्यायाला पर्याय ठरत नाही, याचे भान शेवटाने द्यावयास हवे होते.

शेवटानंतरचा शेवट

२९ ऑगस्ट २०२० रोजी पर्व संपले आणि ३१ ऑगस्टपासून त्याच रात्रीच्या वेळेस 'देवमाणूस' सुरू झाली. गावाच्या विश्वासाचा फायदा घेणारा बनावट डॉक्टर हा तिचा विषय होता. म्हणजे दोनच दिवसांत प्रेक्षकाला दुसरा खुनी मिळाला. पुढे २०२५ मध्ये 'देवमाणूस'चाही 'मधला अध्याय' आला. इकडे २०२१ मध्ये 'रात्रीस खेळ चाले'चे तिसरे पर्व सुरू झाले आणि त्यात अण्णा व शेवंता भुतांच्या रूपाने परतले. ज्याला शासन झाले तोच आता इतरांना छळू लागला. त्याच पर्वात शेवंतेची भूमिका करणारी अभिनेत्री बदलली, तेव्हा अनेक प्रेक्षकांना पात्रच हरवल्यासारखे वाटले. प्रेक्षकांची ओढ आता कथेच्या न्यायापेक्षा चेहऱ्यांशी अधिक जडली होती, याचेच हे गमक होय.

समारोप

'रात्रीस खेळ चाले २' चे यश असे, की ज्ञात शेवटाकडे जाणारी वाट तिने प्रेक्षकाला दीड वर्षाहून अधिक काळ चालायला लावली आणि माईच्या मौनाला अर्थ दिला. तिचे अपयश असे, की गुन्हेगाराविषयीची भीती व आवड यांना तिने दोषाच्या जाणिवेपर्यंत नेले नाही. पूर्वकथा 'काय झाले' हा प्रश्न विचारू शकत नाही, कारण त्याचे उत्तर आधीच दिलेले असते. 'हे होत असताना कोण कोण पाहत होते' हा एकच प्रश्न तिच्या हाती उरतो. मालिकेने तो अर्धवट सोडला. तो पुरा करण्याचे काम प्रेक्षकांच्या चर्चेने काही अंशी केले. शेवंता दोषी की बळी, यावर वाद घालणारा प्रेक्षक प्रत्यक्षात आपल्या आसपासच्या वाड्यांविषयीच बोलत होता. या चर्चेत माईचे नाव जितक्या वेळा यावयास हवे होते तितके आले नाही. वाड्यात जे तिच्या वाट्याला आले, तेच प्रेक्षकांच्या न्यायातही तिच्या वाट्याला आले.