बाड, पुष्पिका आणि प्रकल्प-दप्तर : नामदेव-अभ्यासाच्या संदर्भात एआय सहायकाच्या स्थायी कार्यक्षेत्राची चिकित्सा

प्रस्तावना :

संगणकावर काम करणाऱ्या एआय सहायकांचा वापर आता महानगरांपुरता मर्यादित राहिलेला नाही. कळमनुरीसारख्या तालुक्याच्या गावातील पदव्युत्तर विद्यार्थी आणि प्राध्यापकही लेखन, भाषांतर व टिपणे यांसाठी त्यांची मदत घेऊ लागले आहेत. आरंभीच्या सहायकांची एक मोठी उणीव अशी होती की, प्रत्येक संभाषण कोऱ्या पाटीवर सुरू होत असे. काल पुरवलेली माहिती आज पुन्हा पुरवावी लागे. ही उणीव दूर करण्यासाठी 'प्रोजेक्ट' ही सोय पुढे आली. अँथ्रॉपिक या कंपनीने जून २०२४ मध्ये 'क्लॉड' या सहायकात, तर ओपनएआयने डिसेंबर २०२४ मध्ये 'चॅटजीपीटी'मध्ये ती उपलब्ध करून दिली. गूगलच्या २०२३ मधील 'नोटबुकएलएम'ची कल्पनाही याच जातकुळीची आहे. प्रस्तुत लेखात या सोयीला 'प्रकल्प-दप्तर' असे म्हटले आहे. संतसाहित्याच्या, विशेषतः नामदेवांच्या अभ्यासासाठी असे दप्तर उभारताना कोणते वाङ्मयीन प्रश्न निर्माण होतात, याचा विचार करणे हे या लेखाचे प्रयोजन आहे.

नामदेवांची निवड केवळ स्थानिक अभिमानापोटी केलेली नाही. १ मे १९९९ रोजी स्वतंत्र झालेल्या हिंगोली जिल्ह्यात, कळमनुरी तालुक्याला लागून असलेल्या हिंगोली तालुक्यात नरसी नामदेव हे क्षेत्र आहे. नामदेवांना विसोबा खेचरांचा उपदेश जेथे झाला असे परंपरा मानते, ते औंढा नागनाथही याच जिल्ह्यात आहे. त्यामुळे या परिसरातील मराठीच्या अभ्यासकाला हा विषय जवळचा वाटणे स्वाभाविक आहे. त्याहून महत्त्वाचे कारण असे की, कर्तृत्वाचा, प्रक्षेपाचा आणि सामूहिक स्मृतीचा जो प्रश्न प्रकल्प-दप्तरात आज उभा राहतो, तोच नामदेवगाथेच्या अभ्यासकांपुढे फार पूर्वीपासून उभा आहे.

प्रकल्प-दप्तराचे स्वरूप :

प्रकल्प-दप्तराचे सामान्यतः तीन घटक असतात. पहिला घटक म्हणजे अभ्यासकाने जोडलेल्या फाइली : ग्रंथांची छायाचित्रे, टंकलिखित उतारे, टिपणे, सूची इत्यादी. दुसरा घटक म्हणजे सूचनापत्र. सहायकाने कोणत्या भाषेत, कोणत्या पद्धतीने आणि काय गृहीत धरून उत्तर द्यावे, हे त्यात लिहिलेले असते व प्रत्येक नव्या संभाषणाच्या आरंभी ते सहायकापुढे ठेवले जाते. तिसरा घटक म्हणजे पूर्वीची संभाषणे व त्यांतून साठलेली स्मृती. डेस्कटॉपवरील काही सहायकांना संगणकातील एखादा फोल्डर नेमून देता येतो. वापरकर्त्याच्या परवानगीने ते त्या फोल्डरमधील फाइली वाचतात आणि तेथे नव्या फाइली लिहूनही ठेवतात.

या रचनेची एक मर्यादा ध्यानात घेणे आवश्यक आहे. सहायकामागील भाषा-प्रारूपाला एका वेळी ठरावीक प्रमाणातच मजकूर नजरेपुढे ठेवता येतो. फाइली त्या मर्यादेत बसल्या तर त्या संपूर्ण वाचल्या जातात. त्या मोठ्या असतील तर प्रश्नाशी जुळणारे तुकडे तेवढे शोधून पुढे ठेवले जातात. देवनागरी मजकुराला तेवढ्याच इंग्रजी मजकुरापेक्षा साधारणतः अधिक जागा लागते, त्यामुळे मराठी अभ्यासकाची ही मर्यादा लवकर भरते. 'सहायकाने संपूर्ण गाथा वाचली आहे' हा समज म्हणूनच अनेकदा चुकीचा ठरतो. त्याने गाथेतील काही पाने उलटलेली असतात, आणि ती कोणती हे विचारल्याखेरीज कळत नाही.

बाड, पोथी आणि गाथा :

अशी रचना मराठी परंपरेला सर्वस्वी अपरिचित नाही. कीर्तनकारांची बाडे हे तिचे जुने रूप होय. लांबट कागद एका बाजूने शिवून केलेल्या या वहीत कीर्तनकार आपल्या उपयोगाचे अभंग, आख्यानांचे दुवे, दृष्टांत व सूचना उतरवून ठेवत असे. त्यात अनेक संतांची रचना शेजारी शेजारी नांदत असे. बाड गुरूकडून शिष्याकडे जाई, त्यात भर पडे, काही गळे. ख्रिश्चन ली नोव्हेट्झके यांनी नामदेवांविषयीच्या २००८ मधील आपल्या इंग्रजी ग्रंथात बाड आणि पोथी यांतील भेदाकडे लक्ष वेधले आहे. पोथी ही एका रचनेची जपणूक करणारी वस्तू आहे, तर बाड हे सादरीकरणाचे साधन आहे.

येथे आणखी एक भेद महत्त्वाचा ठरतो. पोथीच्या अखेरीस बहुधा पुष्पिका असते. नकल कोणी केली, कोणत्या शकात केली, कोठे केली, हे तीत नोंदलेले असते. लिपिकार अनेकदा जसे पाहिले तसे लिहिले, दोष आपल्याला देऊ नये, अशा आशयाचे वचनही जोडतो. बाडाला अशा पुष्पिकेची गरज भासत नसे, कारण ते ज्याच्या हाती असे त्याला त्यातील मजकूर कोठून आला हे ठाऊक असे. तो हात बदलला की मात्र ते ज्ञान हरवे.

नामदेवांच्या गाथेपुढील अडचण समजून घेताना हा भेद उपयोगी पडतो. परंपरेने १२७० ते १३५० हा नामदेवांचा काळ मानला जातो. महाराष्ट्र शासनाने १९७० साली प्रकाशित केलेल्या नामदेवगाथेत दोन हजारांहून अधिक अभंग आहेत. तथापि 'नामा' ही मुद्रा एकाच कवीची नाही. सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा याने ओवीबद्ध महाभारत रचले, आणि त्याच्या व अन्य 'नाम्यां'च्या रचना मूळ नामदेवांच्या रचनेत मिसळल्या, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. याउलट शिखांच्या आदिग्रंथातील नामदेवांची ६१ पदे १६०४ मध्ये सिद्ध झालेल्या संग्रहात स्थिर झाली. त्या पदांच्या कर्तृत्वाचे प्रश्न वेगळे आहेत. परंतु तो संग्रह केव्हा सिद्ध झाला आणि कोणी केला, हे ज्ञात आहे. मराठी गाथा मात्र दीर्घकाळ उघडीच राहिली व वाढत गेली.

प्रकल्प-दप्तर हे रचनेच्या दृष्टीने बाड आहे. ते उघडे असते, वाढत जाते आणि वापरासाठी असते. त्याला पुष्पिका नसते, ही त्याची मूलभूत उणीव आहे.

सूचनापत्र : एक लेखनप्रकार

सूचनापत्राकडे सामान्यतः तांत्रिक बाब म्हणून पाहिले जाते. वस्तुतः तो एक लेखनप्रकार असून त्याचीही चिकित्सा व्हावयास हवी. उदाहरणादाखल, नामदेवांवर प्रबंध लिहिणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याने सूचनापत्रात पुढील वाक्य घातले असे समजावे : 'नामदेवांचे जन्मस्थान हिंगोली जिल्ह्यातील नरसी आहे, हे गृहीत धरून उत्तर द्यावे.' या परिसरात हे वाक्य कोणालाही खटकणार नाही. परंतु जन्मस्थानाविषयी अभ्यासकांत मतभेद झालेले आहेत. नरसीबरोबरच पंढरपूरचे आणि कऱ्हाडच्या परिसरातील नरसिंगपूरचे नावही पुढे आलेले आहे. वरील सूचना एकदा दप्तरात गेली की त्यानंतरच्या प्रत्येक संभाषणात तो मतभेद मिटलेलाच राहील. सहायक खोटे बोलला असे त्याला म्हणता येणार नाही, कारण त्याने आज्ञेचे पालन केलेले असते. परंतु सहा महिन्यांनी विद्यार्थ्याला मिळणारे उत्तर हे संशोधनाचे फलित नसून त्याच्याच विसरलेल्या गृहीतकाचा प्रतिध्वनी असेल.

याच सूचनेचे दुसरे रूप असे होऊ शकते : 'जन्मस्थानाविषयी मतभेद आहेत. प्रत्येक मत जोडलेल्या कोणत्या फाइलीत आले आहे ते पृष्ठासह सांगावे. फाइलीत आधार नसल्यास तसे स्पष्ट नमूद करावे.' पहिल्या रूपात निष्कर्षाचा आदेश आहे, दुसऱ्यात पद्धतीचा आहे. नरसीच्या बाजूने असलेले पुरावे बलवान असतील तर ते दुसऱ्या सूचनेनुसारच अधिक स्वच्छपणे पुढे येतील. चांगल्या आणि वाईट सूचनापत्रात भेद करण्यासाठी ही कसोटी पुरेशी आहे. सूचनापत्राने अभ्यासाची रीत सांगावी, अभ्यासाचा शेवट सांगू नये.

आत्मप्रक्षेपाचा धोका :

याहून गंभीर धोका तिसऱ्या घटकातून, म्हणजे साठलेल्या स्मृतीतून संभवतो. सहायकाने एखाद्या अभंगाचा अर्थ सांगितला, तो विद्यार्थ्याला पटला आणि 'टिपण' म्हणून त्याच फोल्डरमध्ये ठेवला गेला, असे समजावे. पुढील महिन्यात त्याच अभंगाविषयी प्रश्न विचारताच सहायकाला ते टिपण सापडते आणि तो त्याचा आधार देतो. आता उत्तराला 'संदर्भ' मिळालेला असतो, पण तो संदर्भ सहायकाचाच जुना तर्क असतो. पाठचिकित्सेच्या परिभाषेत यास आत्मप्रक्षेप म्हणता येईल. गाथेत उत्तरकालीन नाम्याची रचना मूळ नामदेवांच्या मुद्रेखाली जशी नांदू लागली, तसाच येथे यंत्राचा तर्क मूळ साधनाच्या पंगतीत येऊन बसतो.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, अनेक सहायक आता उत्तराखाली आधारभूत फाइलीचे नाव देतात, तेव्हा ही भीती अनाठायी आहे. आक्षेप अंशतः खरा आहे. फाइलीचे नाव मिळणे ही मोठी सोय आहे. परंतु त्या नावावरून मजकूर कोठे सापडला हे कळते, तो तेथे कोणी व कशाच्या आधारे ठेवला हे कळत नाही. मराठवाड्यातील वाचकाला हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही. सातबाऱ्यावर नवे नाव लागते तेव्हा जुने नाव कंसात जाते, शेजारी फेरफार क्रमांक येतो आणि त्या क्रमांकावरून बदलाचे कारण व प्रमाणित करणारा अधिकारी शोधता येतो. नावाला किंमत येते ती त्या क्रमांकामुळे. प्रकल्प-दप्तरात बदललेली सूचना जुन्या सूचनेवर सरळ लिहिली जाते. काल काय लिहिले होते याचा माग अभ्यासकाने स्वतः ठेवल्याखेरीज तो सहसा हाती राहत नाही.

मांडणीची शिस्त :

वरील विवेचनावरून दप्तर उभारण्याची काही पथ्ये सुचतात. फोल्डरमध्ये तीन कप्पे स्वतंत्र असावेत : मूळ साधने, अभ्यासकाची टिपणे आणि सहायकाने तयार केलेले मसुदे. पहिल्या कप्प्यात सहायकाला केवळ वाचण्याची मुभा असावी. तिसऱ्या कप्प्यातील मजकूर पडताळल्याखेरीज दुसऱ्यात जाऊ नये. प्रत्येक मसुद्याच्या शेवटी पुष्पिका असावी : दिनांक, सहायकाचे नाव व आवृत्ती, वापरलेल्या फाइली, आणि मजकूर मुळाशी ताडून पाहिला किंवा नाही. सूचनापत्रातील बदल दिनांकासह एका वेगळ्या फाइलीत नोंदवावेत. अधूनमधून दप्तराबाहेर नवे संभाषण उघडून तोच प्रश्न विचारावा. दोन उत्तरांत अंतर पडले तर त्या अंतराचे कारण बहुधा सूचनापत्रात किंवा साठलेल्या टिपणांत सापडते.

साधनांच्या बाबतीत स्थानिक अडचणीही आहेत. ग्रामीण महाविद्यालयांतील जुने टंकलेखन बहुधा युनिकोडपूर्व फाँटमध्ये झालेले आहे. अशी फाइल जशीच्या तशी जोडल्यास सहायकाला निरर्थक चिन्हांची रांग दिसते, आणि ती ओळखून थांबण्याऐवजी तो अंदाजाने अर्थ लावण्याची शक्यता असते. जुन्या छापील गाथांची छायाचित्रे वाचतानाही जोडाक्षरे व अनुस्वार यांत चुका होतात. अभंगात एका अनुस्वाराने विभक्ती बदलते. म्हणून पहिल्या कप्प्यात जाणारे प्रत्येक पान युनिकोडमध्ये आणून, माणसाने मुळाशी ताडून मगच ठेवले पाहिजे. हे काम कंटाळवाणे आहे, परंतु दप्तराची विश्वासार्हता त्यावरच अवलंबून आहे. याखेरीज स्वामित्वहक्क असलेले ग्रंथ आणि विद्यार्थ्यांची वैयक्तिक माहिती दप्तरात घालण्यापूर्वी ती कोठे साठवली जाते, याची खात्री करणेही आवश्यक आहे.

समारोप :

प्रकल्प-दप्तर ही उपयुक्त सोय आहे, यात शंका नाही. मोठे ग्रंथालय हाताशी नसलेल्या अभ्यासकाला विखुरलेली टिपणे एकत्र आणण्यासाठी, सूची करण्यासाठी आणि पाठभेद शेजारी मांडून पाहण्यासाठी तिचा लाभ होईल. मात्र स्मृती टिकली म्हणजे ज्ञान टिकले, असे होत नाही. नामदेवांच्या अभंगांना बाडांनी शतकानुशतके जिवंत ठेवले, हे त्यांचे ऋण आहे. त्याच बाडांनी कोणता नामा बोलतो आहे हा प्रश्न मागे ठेवला, आणि तो सोडवण्यात अभ्यासकांच्या पिढ्या खर्ची पडल्या. तसा प्रश्न आजच्या विद्यार्थ्याने स्वतःच्या प्रबंधात स्वतःच निर्माण करू नये. त्यासाठी दप्तरातील प्रत्येक पानाखाली ते कोणी, केव्हा व कशावरून लिहिले, याच्या दोन ओळी लिहिण्याची सवय त्याने पहिल्या दिवसापासून लावून घेणे इष्ट ठरेल.