'द कॅचर इन द राय' : प्रतीकयोजना आणि निवेदकाचा शोक

जे. डी. सॅलिंजर (१९१९-२०१०) यांची 'द कॅचर इन द राय' ही कादंबरी १९५१ साली प्रकाशित झाली. तिच्या अध्यापनात प्रतीकांची एक ठरावीक यादी नेहमी पुढे येते : लाल टोपी म्हणजे वेगळेपणा, सेंट्रल पार्कच्या तळ्यातील बदके म्हणजे निराधारपणा, संग्रहालय म्हणजे स्थैर्य. ही समीकरणे चुकीची नाहीत. परंतु ही प्रतीके मुळात कोणाची, हा प्रश्न त्यांत बाजूला पडतो. संपूर्ण कादंबरी हे होल्डन कॉलफील्ड या सतरा वर्षांच्या मुलाचे कथन आहे. सोळाव्या वर्षी नाताळपूर्वीच्या काही दिवसांत घडलेली हकिकत तो कॅलिफोर्नियातील एका उपचारस्थळी सांगतो. लेखकाचा स्वतंत्र आवाज कोठेही नाही. त्यामुळे येथील प्रतीके सजावटीची राहत नाहीत. जे होल्डनला सरळ सांगता येत नाही, ते त्यांच्या आडून व्यक्त होते.

न सांगता येणारी ती गोष्ट म्हणजे धाकटा भाऊ ॲली याचा १९४६ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने झालेला मृत्यू. त्या रात्री तेरा वर्षांच्या होल्डनने गॅरेजच्या सर्व काचा मुठीने फोडल्या. तेव्हापासून त्याला मूठ घट्ट आवळता येत नाही आणि पाऊस पडला की हात दुखतो. हा तपशील तो जाता जाता सांगून मोकळा होतो, आणि वाचकही पुष्कळदा तसाच पुढे जातो. वास्तविक कादंबरीची किल्ली येथे आहे. ॲलीचे केस लाल होते, धाकटी बहीण फीबी हिचेही तसेच. होल्डन विकत घेतो ती शिकारीची टोपीही लाल. हा संबंध तो स्वतः कधीच जोडत नाही. ॲलीच्या बेसबॉलच्या हातमोज्यावर हिरव्या शाईने कविता लिहिलेल्या होत्या. खोलीतील सोबती स्ट्रॅडलेटर याच्यासाठी निबंध लिहिताना होल्डन त्या हातमोज्याचे वर्णन करतो. विषय भलताच निघाला म्हणून स्ट्रॅडलेटर चिडतो आणि होल्डन तो निबंध फाडून टाकतो. शोक लेखनातून मांडण्याचा हा प्रयत्न अशा रीतीने तेथेच संपतो.

बदकांच्या प्रश्नाकडेही याच अंगाने पाहावे लागते. तळे गोठल्यावर बदके कोठे जातात, असे तो टॅक्सीचालकांना विचारतो. प्रश्न बालिश वाटतो. पण नाहीसे झालेले कोठे जाते, हे विचारण्याची दुसरी भाषा त्याच्यापाशी नाही. संग्रहालयातील काचेआडची दृश्ये कधी बदलत नाहीत म्हणून त्याला प्रिय आहेत. तरी दारापर्यंत जाऊन तो आत शिरत नाही. आपण बदललो आहोत, हे त्याला पक्के ठाऊक असते.

शीर्षकातील प्रतीक तर चुकीच्या स्मरणातून जन्मते. रॉबर्ट बर्न्सच्या गीतातील 'भेटणे' होल्डनच्या मनात 'झेलणे' झालेले असते. ही चूक फीबी दाखवून देते. कड्यावरून पडणाऱ्या मुलांना झेलणारा होण्याचे स्वप्न तो सांगतो, त्याच प्रकरणात थोडे आधी जेम्स कॅसल या विद्यार्थ्याची आठवण येते. कॅसलने खिडकीतून उडी टाकली, तेव्हा त्याच्या अंगात होल्डनचाच स्वेटर होता. त्याला कोणी झेलले नाही.

मराठी वाचकाला येथे भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' (१९६३) आठवणे स्वाभाविक आहे. दोन्ही कादंबऱ्यांची तुलना बहुधा बंडखोरी आणि बोलभाषा यांपुरती मर्यादित राहते. पांडुरंग सांगवीकरच्या धाकट्या बहिणीचा, मनीचा, मृत्यू कथेच्या ओघात घडतो आणि तो शोक उघडपणे बोलतो. होल्डनच्या बाबतीत मृत्यू कथेपूर्वीच झालेला आहे. म्हणून त्याचा शोक वस्तूंमध्ये विखुरतो.

उपांत्य प्रकरणातील पाऊस या दृष्टीने वाचला पाहिजे. ॲलीच्या कबरीपाशी पाऊस आला तेव्हा सारे अभ्यागत मोटारींकडे धावले, ॲली मात्र तेथेच राहिला, ही आठवण होल्डनला असह्य होते. फिरत्या घोड्यांपाशी पुन्हा पाऊस येतो, मुलांचे आईबाप छताखाली धावतात आणि होल्डन बाकावर भिजत बसून राहतो. सोन्याच्या कडीसाठी हात पुढे करणाऱ्या मुलांना, पडली तरी, अडवू नये हे त्याला येथे उमगते. समीक्षक यात प्रौढत्वाची चाहूल पाहतात आणि ते योग्यच आहे. तथापि या वेळी तो पावसातून पळालेला नाही, याकडे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. डोक्यावर फीबीने चढवलेली लाल टोपी असते. ती पुरेसा आडोसा देत नाही. त्यानंतरच्या लहानशा प्रकरणात, ज्यांच्याविषयी आपण बोललो ती सारी माणसे आठवतात, असे तो म्हणतो : स्ट्रॅडलेटरही, आणि त्याला मारहाण करणारा लिफ्टवाला मॉरिससुद्धा.