नर्तकाचा गुडघा आणि बळाची कल्पना : ‘नटरंग’च्या निमित्ताने

नृत्याचे मूल्यमापन करताना ताल, अदा आणि अभिनय यांचा विचार होतो. या सर्वांचा भार वाहणारा गुडघा मात्र क्वचितच चर्चेत येतो. आनंद यादव यांच्या ‘नटरंग’ या कादंबरीवर आधारित, रवी जाधव दिग्दर्शित आणि २०१० च्या आरंभी प्रदर्शित झालेला चित्रपट या दृष्टीने पुन्हा पाहण्याजोगा आहे.

चित्रपटातील गुणा हा कसलेल्या शरीराचा शेतमजूर. राजाची भूमिका करण्याची त्याची मनीषा असते. परंतु फडाला नाच्या हवा असल्याने ते काम त्यालाच स्वीकारावे लागते आणि त्यासाठी पीळदार शरीर उतरवावे लागते. अतुल कुलकर्णी यांनी हे स्थित्यंतर स्वतःच्या देहावर साकारले. समाज बळाला पुरुषत्वाची आणि लालित्याला दुर्बलतेची खूण मानतो, हे चित्रपट प्रभावीपणे मांडतो. तथापि नाचण्यासाठी बळ गाळावे लागते, हा समजही त्यातून नकळत दृढ होतो. ही या कलाकृतीची मर्यादा होय.

प्रत्यक्ष नृत्य याच्या उलट साक्ष देते. भरतनाट्यममधील अर्धमंडल असो वा लावणीतील बैठी अदा, वाकलेल्या गुडघ्यावर देह तोलण्याचे कार्य मांडीचे व नितंबाचे स्नायू करतात. अर्धमंडलात पाय नितंबाच्या सांध्यातून न वळवता केवळ पावलातून वळवल्यास त्याचा पीळ गुडघ्यावर येतो.

दुखापतीनंतर या समजाची किंमत मोजावी लागते. गुडघ्याला सूज आली की मांडीच्या पुढील स्नायूंची क्रिया मंदावते. विश्रांतीने वेदना शमते, स्नायू मात्र क्षीणच राहतात. म्हणून आरंभी पाय सरळ ठेवून उचलणे, नंतर भिंतीला टेकून अर्धी बैठक, पुढे पायरीवर चढ-उतार आणि अखेरीस एका पायावरील तोल, असा क्रम तज्ज्ञाच्या देखरेखीखाली पाळावा लागतो. दुखऱ्या गुडघ्याने एकदम पूर्ण बैठका काढणे वाटीवरील ताण वाढवते. लिगामेंटच्या पुनर्रचना-शस्त्रक्रियेनंतर सुमारे नऊ महिन्यांपूर्वी उड्या व गिरक्यांकडे परतू नये आणि जखमी पायाचे बळ दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के असावे, हा क्रीडावैद्यकातील रूढ निकष नर्तकालाही लागू पडतो.

यवतमाळ जिल्ह्यात या प्रश्नाला प्रत्यक्ष संदर्भ आहे. येथील कोलाम व गोंड समाजांत दिवाळीच्या सुमारास दंडार रंगते. महाविद्यालयीन विद्यार्थी संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या युवा महोत्सवासाठी समूहनृत्ये बसवतात. शेजारच्या अमरावतीत श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची १९१४ पासूनची व्यायामपरंपरा आहे. असे असूनही नृत्य सांस्कृतिक विभागाचे आणि व्यायाम शारीरिक शिक्षण विभागाचा, अशी वाटणी केली जाते. त्यामुळे गुडघा दुखावलेला विद्यार्थी दोहोंच्या मध्ये राहतो.

मराठीत ‘तालीम’ हा शब्द आखाड्यालाही लागू होतो आणि रंगमंचीय सरावालाही. भाषेने जपलेले हे ऐक्य महाविद्यालयांनी आचरणात आणल्यास बळ हे लालित्याचे विरोधक नसून त्याचा आधार आहे, हे स्पष्ट होईल. ‘नटरंग’ने उभा केलेला प्रश्न तेथूनच पुढे नेता येईल.