खिशातले थोर लोक

थोर माणसांवरची पुस्तके आकारानेही थोरच असावीत, अशी प्रकाशकांची फार जुनी श्रद्धा आहे. त्यातून ते थोर लोक फोटोग्राफर असले तर विचारूच नका. एकेक पुस्तक पाटाएवढे, आणि वजन असे की मांडीवर घेतले तर पाय झोपी जातात आणि वाचक जागा राहतो. ह्या पुस्तकांना म्हणे 'कॉफी टेबल बुक' म्हणतात. आता आमच्या यावलला कॉफी आजारी माणसाला देतात आणि टेबल शाळेत असते. बैठकीच्या खोलीत टीपॉय असतो, नाही असे नाही. पण त्यावर क्रोशाचा रुमाल, रुमालावर काच, काचेवर फुलदाणी आणि फुलदाणीत प्लॅस्टिकची फुले. एखाद्या थोर फोटोग्राफरला तिथे ठेवायचे म्हणजे आधी फुलदाणीची आणि मग गृहलक्ष्मीची समजूत काढणे आले.

म्हणून मी दुसऱ्या जातीच्या पुस्तकांचा भक्त आहे. खिशात मावणाऱ्या.

१९८२ साली पॅरिसमध्ये रॉबेर देल्पिर नावाच्या प्रकाशकाने 'फोटो पॉश' नावाची माला सुरू केली. फ्रेंचमध्ये 'पॉश' म्हणजे खिसा. आपल्याकडे ज्याचा खिसा गरम असतो त्याला पॉश म्हणतात. फ्रेंचांनी नुसता खिसाच ठेवला. हा देल्पिर साधा माणूस नव्हे. रॉबर्ट फ्रँकचे अमेरिकेवरचे गाजलेले फोटो पुस्तकरूपाने सगळ्यांत आधी, १९५८ साली, छापणारा तोच. त्याने ठरवले की थोरांचे फोटो विद्यार्थ्याला परवडतील अशा किमतीत द्यायचे आणि मालेतले पहिले पुस्तक काढले ते नादार ह्या फोटोग्राफरवर. स्वस्त पुस्तकांच्या मालेचा श्रीगणेशा नादाराने व्हावा, ह्याहून मोठा शुभशकुन कोणता? ज्यांनी शाळेत नादारीचे अर्ज भरले आहेत त्यांना ह्यातला आनंद वेगळा सांगायला नको. बरे, हा नादारही नावाला जागणारा. १८६३ साली त्याने एक अजस्र फुगा बांधला आणि आपला बराच पैसा अक्षरशः हवेत उडवला.

ह्याच मालेचा इंग्रजी अवतार म्हणजे 'फोटोफाइल'. साठेक फोटो, सुरुवातीला एक निबंध, शेवटी सनावळी. नंतर २००१ साली आणखी एका कंपनीने '५५' नावाची माला काढली. आकार त्याहून लहान आणि फोटो मोजून पंचावन्न. दोन्हींतली मिळून नऊ पुस्तके माझ्याकडे आहेत. भाचा पुण्याहून येताना जुन्या बाजारातून एखादे आणतो, आणि त्याबदल्यात जाताना भरिताची वांगी नेतो. हा व्यवहार दोघांनाही फायद्याचा वाटतो, म्हणजे तो न्याय्य असणार.

आता गुणदोष. पहिला प्रश्न खिशाचा. फोटोफाइलचे पुस्तक एकोणीस सेंटिमीटर उंच. ते शर्टाच्या खिशात जात नाही. पँटच्या खिशात जाते, पण मग माणसाला बसता येत नाही. ते बेतले आहे फ्रेंच माणसाच्या कोटाच्या खिशावर. आणि आमच्या मुलखात मे महिन्यात कोट घालणारा माणूस फक्त नवरदेव. मी ते पायजम्यावरच्या लांब सदऱ्याच्या बाजूच्या खिशात ठेवून पाहिले. मावते. पण एका बाजूला सदरा असा ओढला जातो की समोरून येणारा मनुष्य आधी प्रकृतीची चौकशी करतो.

दुसरे म्हणजे तो निबंध. फोटो समजावा म्हणून लिहिलेला आणि फोटो पाहिल्याशिवाय न समजणारा. तो मी नेहमी शेवटी वाचतो, आणि बहुतेक वेळा शेवटी वाचतच नाही. तिसरी तक्रार मात्र गंभीर आहे. आडवा फोटो मोठा दिसावा म्हणून कधी कधी तो दोन पानांवर पसरतात. मग शिवणीच्या खाचेत कोणाचे नाक जाते, कोणाचे अख्खे मूल जाते. असे करण्यापेक्षा फोटो टपाल तिकिटाएवढा छापावा, पण सबंध छापावा.

आणि लहान छापल्याने फोटोचे फारसे बिघडत नाही, हे ह्या पुस्तकांनीच मला शिकवले. भिंतभर चित्र तळहाताएवढे केले की चित्रकार रडतो. फोटोचे तसे नाही. कार्तिए-ब्रेसाँच्या लायकातली मूळ निगेटिव्ह चोवीस मिलिमीटर बाय छत्तीस, म्हणजे तिकिटाएवढीच. खिशातले पुस्तक तिच्यापुढे राजवाडा झाला. पॅरिसच्या रस्त्यांचे फोटो घेणारा तो आत्जे, त्याच्या काचा अठरा बाय चोवीस सेंटिमीटरच्या आणि फोटोही तेवढेच. छोट्या पुस्तकात त्याचे फार थोडे नुकसान होते. बिघडते ते अमेरिकेच्या ॲन्सल ॲडम्ससारख्यांचे. त्याचे पहाड खिशात घातले की टेकड्या होतात. ज्याने उत्तरेच्या खिडकीतून रोज सातपुडा पाहिला आहे त्याला तेवढ्यात काही सातपुडा दिसत नाही.

ही पुस्तके मी आमच्या गावातल्या एका जुन्या स्टुडिओवाल्यांना दाखवली. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. चाळीस वर्षे लग्नाचे, बारशाचे, आणि 'जरा बसते करून देता का' असे सांगून म्हाताऱ्यांचे शेवटचे फोटो काढलेला माणूस. डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा कार्तिए-ब्रेसाँचा १९३२ सालचा फोटो जगभर डोक्यावर घेतात. आप्पांनी तो चष्मा वर करून पाहिला.

"मानूस हालेल हाये भो. तोंडबी दिसत नही. गिऱ्हाईक पैसे देनार नही."

मग बराच वेळ ते पान उलटेनात. "पन पाय अजून पान्याले टेकेल नही," ते म्हणाले. "तेवढं मात्र बराब्बर पकडलं गड्यानं."

त्या निबंधात सात पानांत जे आहे ते ह्या दोन वाक्यांत आले, असे माझे मत आहे.

आमच्या घरच्या समीक्षकांचा निकाल ह्याहून कडक. डोरोथिया लँजच्या पुस्तकात त्या स्थलांतरित आईचा फोटो आहे. १९३६ सालचा, कॅलिफोर्नियातला. हातावर हनुवटी टेकलेली बाई, दोन्ही बाजूंना तोंडे लपवलेली पोरे, मांडीवर तान्हे. (१९३६ म्हटले की आमच्या तालुक्यात फक्त फैजपूरची काँग्रेस आठवतात. खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन, नंदलाल बोसांनी बांबू वापरून केलेली सजावट. जगात त्या साली आणखीही काही घडले, हे आम्ही सहसा कबूल करत नाही.) हिने फोटो पाहिला आणि विचारले, "बाईचं नाव काय?"

सांगावे लागले की लँजबाईंनी ते विचारलेच नव्हते. बाईचे वय बत्तीस, एवढे टिपून घेतले होते. फ्लॉरेन्स टॉम्प्सन हे नाव जगाला कळले १९७८ साली. आणि ह्या फोटोचा आपल्याला एक पैसा मिळाला नाही, असे त्या बाईने सांगितले.

"वय विचारलं आणि नाव नाही विचारलं?" ही म्हणाली. "आपल्याकडे उलटं असतं."

खरेच उलटे असते. आपल्याकडे फोटोखाली 'डावीकडून' अशी सुरुवात करून सगळ्यांची नावे असतात. मागच्या रांगेत अर्धा कान दिसणाऱ्याचेही नाव असते. फक्त फोटो काढणाऱ्याचे नसते. मला ह्या छोट्या पुस्तकांचे महत्त्व वाटते ते इथे. ती काढणाऱ्याचे नाव मुखपृष्ठावर छापतात.

आणि आता मूळ दुखण्याकडे येतो. आमच्या यावलहून तापी ओलांडून भुसावळला गेले की तिथल्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत एक फोटोग्राफर झोपला आहे. मेजर रॉबर्ट गिल. मृत्यू १८७९. नाव काढल्याबरोबर तुम्ही म्हणणार, "हो हो, तो पारोवाला!" बरोबर. अजिंठा गावात पारोची कबर आहे, १८५६ सालची. ना. धों. महानोरांनी त्या दोघांवर दीर्घ कविता लिहिली, २०१२ साली नितीन देसाईंनी चित्रपट काढला. साहेबाचे प्रेम घराघरांत पोचले. साहेबाचे काम पाहिलेला माणूस मात्र मला आमच्या जिल्ह्यात अजून भेटायचा आहे.

काम काय? १८४४ साली कंपनी सरकारने गिलला अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला नेमले. त्याने वर्षानुवर्षे लेण्यांत बसून मोठमोठे कॅनव्हास रंगवले, विलायतेला पाठवले. डिसेंबर १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि त्यांतले बहुतेक जळून गेले. पुढे १८७२ पासून जे. जे. स्कूलच्या ग्रिफिथ्सनी विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही बऱ्याच १८८५ साली लंडनच्याच आगीत गेल्या. अजिंठ्याची चित्रे हजार-दीड हजार वर्षे डोंगरात सुखरूप राहिली. नकला लंडनला पोचल्या की पेट घेत.

पण गिलने मध्येच कॅमेरा हाती घेतला होता. १८६४ साली त्याच्या फोटोंची दोन पुस्तके लंडनला निघाली. एकात डोळ्याला खोली भासवणारे शंभर जोडफोटो, दुसऱ्यात लेण्यांचे चौऱ्याहत्तर फोटो, मजकूर फर्ग्युसनसाहेबांचा. छापलेले नव्हेत, प्रत्येक प्रतीत खरा फोटो चिकटवलेला. रंग नाहीत, आणि अजिंठ्यात रंग नाहीत म्हणजे वरणात मीठ नाही, हे मान्य. तरीही मोठे, रंगीत, एकुलते एक होते ते जळाले; आणि लहान, बिनरंगाचे, अनेक प्रतींचे होते ते उरले. ब्रिटिश लायब्ररीत ते आजही आहेत. देल्पिरला जी गोष्ट १९८२ साली सुचली ती आमच्या भुसावळच्या शेजाऱ्याने शंभरावर वर्षे आधी करून दाखवली होती. फक्त किंमत खिशाला परवडणारी नव्हती.

तेव्हा मला हवे आहे ते गिलचे मराठी पुस्तक. फोटोफाइलच्या आकाराचे. साठ फोटो, कोणाचेही नाक शिवणीत न जाता. प्रस्तावना चार पानांची आणि ती लिहिणाऱ्याने एकदा तरी उन्हाळ्यात लेणी चढलेली असावीत. किंमत अशी की फर्दापूरच्या फाट्यावर खडे आणि माळा घेणारा प्रवासी तेवढ्या पैशांत हेही घेईल. ललित कला अकादमीने चित्रकारांवर सडपातळ, स्वस्त पुस्तिका काढल्याच ना? मग फोटोग्राफरनेच काय घोडे मारले आहे?

ही सगळी योजना मी आप्पांना सांगितली. त्यांना पटली. कागद कोणता, काळा किती काळा यायला हवा, ह्यावर त्यांनी मला अर्धा तास ऐकवले. मग म्हणाले, "कव्हरवर पारोचाच फोटो टाका. हातोहात खपीन."

मी म्हटले, "आप्पा, ती १८५६ साली गेली. साहेबाच्या फोटोंची पुस्तकं निघाली १८६४ साली."

आप्पांनी बोटांवर हिशेब केला. "जरा आधी कॅमेरा घ्याले पाह्यजे व्हता साहेबानं," ते म्हणाले, आणि आत पासपोर्ट फोटोसाठी ताटकळलेल्या पोराला हनुवटी खाली घ्यायला सांगायला गेले.