नांदायला गेलेल्या लेकी आणि जामखेडचं गणित

समाजकार्यावरचे प्रबंध वाचायची मला वीसएक वर्षांची सवय आहे. पदवी नाही, मार्गदर्शक नाही. एका ग्रंथपालाची ओळख एवढंच भांडवल. नगर जिल्ह्यावरचे जे प्रबंध हाती आले ते बहुतेक एकाच वाटेने जातात. उत्तरदाते निवडायचे, अनुसूची भरून घ्यायची, टक्केवारीचे तक्ते मांडायचे आणि शेवटी सगळी गृहीतकं सिद्ध झाल्याचं जाहीर करायचं. गृहीतक पडलं असं कबूल करणारा प्रबंध मला क्वचितच भेटला. म्हणूनच जामखेडवरचा एक शोधनिबंध मी पुन्हा पुन्हा वाचतो. तो २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये आला. त्यात एक गोष्ट सिद्ध होते, एक होत नाही, आणि दोन्ही सारख्याच सरळपणे सांगितल्या आहेत.

पार्श्वभूमी वाचकांना ठाऊक असेल. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं. आधी शिकलेल्या परिचारिका गावांत ठेवून पाहिल्या; जमलं नाही. मग गावानेच आपली एक बाई निवडायची असं ठरलं. यातल्या कित्येकींना अक्षरओळख नव्हती, कित्येकी दलित वस्तीतल्या होत्या. जामखेडला येऊन शिकायचं आणि परत जाऊन घरोघर सांगायचं, असा हा क्रम. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लोकसहभागाच्या आरोग्यप्रयोगांवर ग्रंथ काढला, त्यात जामखेडवर प्रकरण होतं. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

त्यांचं ‘जामखेड’ हे इंग्रजी पुस्तक १९९४ चं. त्यात बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या हातपंपांची हकीकत आहे: पंप दलित वस्तीत बसावेत अशी व्यवस्था झाली आणि सगळ्या गावाला घागर घेऊन तिकडे जावं लागलं. समाजकार्याच्या पाठ्यपुस्तकातलं अख्खं प्रकरण मला या एका प्रसंगापुढे फिकं वाटतं. पण हे पुस्तक काम करणाऱ्यांनीच लिहिलेलं आहे. यश मिळवणारा आणि यश मोजणारा एकच असला की वाचकाने एक डोळा उघडा ठेवावा.

तो डोळा २०१० चा निबंध पुरवतो. लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनशी संबंधित संशोधक त्याच्या लेखकांत आहेत. त्यांनी प्रकल्पातली गावं आणि आसपासची प्रकल्पाबाहेरची गावं यांची तुलना केली. जात, धर्म, स्त्रियांची साक्षरता, घरची परिस्थिती यांचा प्रभाव वजा करून पाहिलं, तेव्हा प्रकल्पाच्या गावांत पाच वर्षांखालच्या मुलांच्या मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्के कमी निघाला. मात्र हा फरक जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यापुढचा होता. त्या पहिल्या महिन्यात तसा फायदा दिसला नाही. जामखेडच्या चाहत्यांना हे खटकतं. मला मात्र निबंधातला सर्वांत मोलाचा भाग हाच वाटतो. नवजात बाळाचा प्रश्न वेगळ्या कौशल्याचा आहे, हे गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने घरच्या घरी नवजात बाळाच्या काळजीचा प्रयोग करून दाखवलंच होतं, तो अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये १९९९ साली आला.

माझा आक्षेप आहे तो साक्षरता वजा करण्यावर. बाईला शहाणं करणं हाच ज्या कामाचा गाभा, त्यातून शिक्षण काढून टाकून उरेल ते मोजायचं, म्हणजे भाकरीतून पीठ वजा करण्यासारखं! असं मी पूर्वी एका टिपणात जोरात लिहिलं होतं. आज तो जोर राहिलेला नाही. कारण आपल्याकडे सून बाहेरगावाहून येते. ती शाळेत गेली की नाही, हे तिच्या माहेरच्या गावाने ठरवलेलं असतं. तेव्हा सासरच्या गावातल्या प्रकल्पाच्या नावावर तिची साक्षरता टाकायची नाही, हे संशोधकांचं बरोबरच आहे.

पण हाच धागा उलट ओढून पाहिला की गणित हलतं. प्रकल्पाच्या गावात वाढलेल्या मुली कुठे गेल्या? त्याही लग्न होऊन पंचक्रोशीत गेल्या, म्हणजे काही जणी नेमक्या तुलनेच्या गावांतही गेल्या असणार. आईजवळ, मंडळाच्या बैठकीत, कानावर पडलेलं सगळं त्या बरोबर घेऊन गेल्या. गाव हे एकक धरलं की ही वाट दिसत नाही, आणि जामखेडचं श्रेय दुसऱ्याच गावाच्या रकान्यात जाऊन बसतं. ३० टक्के हा आकडा त्यामुळे कमीच भरतो, अशी माझी शंका आहे. सिद्ध करायला माझ्याकडे अजून काही नाही.

शंका आली ती घरातूनच. माझी थोरली वहिनी जामखेडकडच्या अशाच एका गावची. १९८५ साली श्रीगोंदा तालुक्यात आमच्या घरी आली. मी तेव्हा शाळेत होतो. पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या तान्ह्या पोराला जुलाब लागले. आमच्या आईने रिवाजाप्रमाणे त्याचं पाणी तोडायला सांगितलं. वहिनीने सासूच्या देखत तांब्यात पाणी घेतलं, मीठ-साखर घातली आणि चमच्या-चमच्याने पाजत बसली. घरात दोन दिवस अबोला होता. पोर जगलं, आता ट्रक चालवतं.

परवा मी विचारलं, “वहिनी, हे तुम्ही शिकलात कुठं?”

“शिकायचं काय त्यात? आमच्या गावात समद्यांनाच ठावं व्हतं.”

कुठल्या अनुसूचीत हे उत्तर बसेल? विद्यापीठातल्या एखाद्या मुलीने हा विषय घ्यावा म्हणून मी दोन-तीन ठिकाणी सुचवून पाहिलं. नमुना कसा निवडणार, असं विचारलं गेलं. प्रश्न रास्त होता. म्हणून वहिनीच्या माहेरापासून मीच सुरुवात केली आहे. १९७५ ते १९९५ या काळात त्या गावातून लग्न होऊन गेलेल्या मुलींची यादी करतो आहे. जुन्या लग्नपत्रिका थोड्याच मिळतात. बाकी भिस्त म्हाताऱ्यांवर. त्यांची सालं चुकतात. कोणाची लेक कुठल्या गावी दिली, हे मात्र चुकत नाही.