‘खुणा आढळल्या नाहीत’: १९७८चा एक निकाल संशोधकानं कसा वाचावा

पोलिसांकडून होणारा सत्तेचा गैरवापर या विषयावर संशोधन करायचं तुमच्यापैकी काही जणांनी ठरवलंय. प्रस्ताव लिहायला बसलात की पहिली अडचण येते ती कागदांची. घटना पोलीस ठाण्यात घडलेली, फिर्याद बहुतेक वेळा तिथेच घेतली जाणार, पंचनामा पोलिसांचा, स्टेशन डायरीही त्यांचीच. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, पेन त्याच्याच हातात. मग अशा कागदांचं करायचं काय? सगळे खोटे म्हणून बाजूला सारायचे, की लिहिलंय तसं मानायचं?

दोन्ही नको. हे कागद वाचायची एक तिसरी पद्धत आहे. ती समजून घ्यायला आज दोन जुने मजकूर समोर ठेवू: सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आणि त्यावर कायद्याच्या चार अध्यापकांनी लिहिलेलं एक पत्र.

आधी प्रकरण. २६ मार्च १९७२ची रात्र. ठिकाण देसाईगंज, म्हणजे वडसा. तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात, आज गडचिरोलीत. एक आदिवासी मुलगी, वैद्यकीय अंदाजानुसार वय चौदा ते सोळा. तिला पळवून नेल्याची तक्रार तिच्या भावानं दिली होती, म्हणून सगळ्यांना ठाण्यात बोलावलं. जबाब झाल्यावर बाकीच्यांना जायला सांगितलं आणि तिला मागे ठेवलं. आत एका शिपायानं बलात्कार केला आणि हेड कॉन्स्टेबलनं विनयभंग केला, असा तिचा आरोप होता. तिची माणसं तेव्हा बाहेर थांबली होती.

पुढचा क्रम लिहून ठेवा. १ जून १९७४ रोजी सत्र न्यायालयानं दोघांनाही सोडलं. १२ ऑक्टोबर १९७६ रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं दोषी धरलं: शिपायाला पाच वर्षं, हेड कॉन्स्टेबलला एक वर्ष. १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा निर्दोष सोडलं. कायद्याच्या पुस्तकांत हा निकाल ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ म्हणून सापडेल. चळवळीत तो त्या मुलीच्या नावानं ओळखला जातो. ते नाव मी इथे मुद्दामच लिहीत नाही. का, ते पुढे येईल.

आता निकालाची बांधणी बघा. तिच्या अंगावर इजेच्या खुणा नव्हत्या. त्यावरून न्यायालयानं ठरवलं की विरोध केल्याचं ती सांगते ते खोटं. शिपायानं हात धरला तेव्हा जवळच असलेल्या आपल्या माणसांना तिनं हाक मारली नाही, म्हणजे ती त्याच्यामागे गेली ती राजीखुशीनं. भीतीचा मुद्दा आला तेव्हा न्यायालय म्हणालं की कायद्याला हवी ती मृत्यूची किंवा इजेची भीती, आणि तशी भीती सिद्ध झालेली नाही.

तर्काच्या प्रत्येक पायरीवर काय वापरलंय ते लक्षात येतंय का? खूण नाही, हाक नाही, विरोध नाही. जे नाही त्याच्यावर जे आहे ते ठरवलं गेलं, म्हणजे संमती. आणि हे ‘नाही’ घडलं कुठे, हा प्रश्न या तर्कात कुठेच येत नाही. रात्रीची वेळ, ठाण्याची इमारत, समोर वर्दीतली माणसं आणि मजुरी करणारी अल्पवयीन मुलगी. हेच सगळं शेतात किंवा बाजारात घडलं असतं तरी तर्क एका अक्षरानं बदलला नसता, इतकी जागा त्यातून गायब आहे. न्यायालयासाठी ठाणं म्हणजे नुसत्या चार भिंती.

नागपूर खंडपीठासमोर पुरावा हाच होता. पण त्यानं वेगळा प्रश्न विचारला. हे दोघे तिला पूर्ण अनोळखी. अशा माणसांसमोर भीतीनं गप्प राहणं, शरण जाणं, याला इच्छा म्हणायचं का? उत्तर आलं: नाही. एकाच पुराव्यावर दोन न्यायालयं दोन टोकांना गेली. फरक पुराव्याचा नव्हता, वाचण्याचा होता. पद्धतीशास्त्राच्या वर्गात ‘तथ्यं बोलतात’ असं कुणी म्हणालं, तर हे उदाहरण द्या.

आता पत्र. १६ सप्टेंबर १९७९ची तारीख असलेलं हे पत्र उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार यांनी भारताच्या सरन्यायाधीशांना लिहिलं. पत्राची ताकद त्याच्या रागात आहे असं बरेच जण समजतात. राग आहेच, पण खरी ताकद बारकाईनं केलेल्या वाचनात आहे. चौघांनी नवा साक्षीदार आणला नाही की नवा पुरावा दिला नाही. निकालातलीच वाक्यं घेऊन त्यांनी विचारलं की संमतीत शरणागती असू शकते, पण प्रत्येक शरणागतीत संमती असते का? दोन पोलिसांनी ठाण्याच्या आत अडवलेल्या कोवळ्या मुलीनं मदतीसाठी ओरडून यशस्वी व्हावं, अशी न्यायालयाची अपेक्षा आहे का?

आणखी एक गोष्ट त्यांनी केली, ती तुम्ही शिकण्यासारखी आहे. त्याच वर्षी, १९७८मध्ये, नंदिनी सत्पथी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानंच महिलेला चौकशीसाठी ठाण्यात बोलावण्यावर नापसंती दाखवली होती. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १६० सांगत होतं की महिलेची चौकशी ती राहते तिथेच करायची. मग इथे त्याबद्दल एक शब्दही का नाही, असं पत्र विचारतं. म्हणजे निकालानं मुलीच्या गप्प राहण्याचा अर्थ लावला, आणि पत्रानं न्यायालयाच्या गप्प राहण्याचा.

परिणाम मोठा झाला. १९८०मध्ये मुंबईसह अनेक शहरांत निदर्शनं झाली, बलात्कारविरोधी मंच उभा राहिला. १९८३मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराला किमान दहा वर्षांची शिक्षा आली. पुरावा कायद्यात कलम ११४-अ आलं: संबंध झाल्याचं सिद्ध झालं आणि संमती नव्हती असं स्त्रीनं कोर्टात सांगितलं, तर संमती नव्हती असंच न्यायालय धरून चालेल. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या नव्या कायद्यांतही या तरतुदी वेगळ्या क्रमांकांनी आहेत. पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा ठरलं तेही १९८३मध्येच. तोवर या मुलीचं नाव देशभर झालं होतं. तिच्या नावावरून चाललेल्या लढ्यातून इतरांना जे संरक्षण मिळालं, ते तिला स्वतःला मिळालं नाही. म्हणून मी नाव टाळते.

इथे पत्रावरही टीका करायला हवी. आदरानं, पण करायला हवी. पत्रातली मुलगी गरीब, असहाय, अशिक्षित म्हणून येते. ते खोटं नाही. पण याच मुलीनं बाहेर येऊन लोकांना सांगितलं, वैद्यकीय तपासणी करून घेतली, कोर्टात उभं राहून साक्ष दिली. सत्र न्यायालयानं तिला खोटारडी ठरवलं, तरी तिची साक्ष नोंदीत राहिली. ती गप्प नव्हती. तिच्या बोलण्याला वजन मिळालं नाही, एवढंच. आणि कायदा बदलला म्हणून तिला न्याय मिळाला असं म्हणता येत नाही. नवा कायदा मागे जाऊन लागू होत नाही, निर्दोष सुटलेले निर्दोषच राहिले. ‘या प्रकरणामुळे सुधारणा झाली’ असं वाक्य तुमच्या प्रबंधात येईल तेव्हा ते तिथेच संपवू नका. सुधारणा कुणाची झाली आणि नुकसान कुणाच्या पदरात राहिलं, हे पुढच्या वाक्यात लिहा.

याचा आपल्या कामाशी संबंध काय? मी राहते त्या आचोळ्याचं उदाहरण घ्या. समजा तुम्हाला इथल्या पोलिसांविरुद्धच्या तक्रारींचा वीस वर्षांचा आलेख काढायचाय. माहिती अधिकारात अर्ज टाकलात आणि सुरुवातीच्या कितीतरी वर्षांसमोर शून्य आलं. लगेच ‘तक्रारी नव्हत्या’ असं लिहाल? १ ऑगस्ट २०१४पर्यंत हा भाग ठाणे जिल्ह्यात होता, मग पालघरमध्ये आला. मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झालं १ ऑक्टोबर २०२० रोजी, आणि आचोळ्याला स्वतःचं ठाणं त्यानंतर मिळालं. त्याआधी इथला माणूस तक्रार घेऊन दुसऱ्या ठाण्यात जायचा. तुमचं शून्य तक्रारींबद्दल काहीच सांगत नाही, फक्त हद्दीबद्दल सांगतं.

हे झालं सोपं शून्य. अवघड शून्य ते, जिथे ठाणं होतं, माणूस गेला होता आणि नोंदच झाली नाही. ते पकडायला एका कागदासमोर दुसरा ठेवावा लागतो, आणि तो दुसऱ्या हातानं लिहिलेला हवा. पोलिसांच्या डायरीसमोर रुग्णालयाचं केसपेपर रजिस्टर. गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांसमोर राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाचे आकडे. कोठडीतला मृत्यू किंवा बलात्कार चोवीस तासांत कळवा, अशी सूचना आयोगानं १९९३मध्येच दिली आहे. त्यासमोर दंडाधिकाऱ्यांचा चौकशी अहवाल, आणि शेवटी माणसाचं स्वतःचं सांगणं. दोन कागद जुळले नाहीत तर घाबरू नका. न जुळणारी ती जागा हाच बहुधा तुमच्या प्रबंधाचा विषय असतो.

एक इशाराही देते. पीडितांना भेटायला जाल तेव्हा लगेच पुरावा मागू नका. ‘तेव्हा ओरडला का नाहीत, लगेच तक्रार का केली नाही’ हे प्रश्न विचारण्याआधी १९७८चा निकाल आठवा. तेच प्रश्न तिथे विचारले गेले होते. त्याऐवजी विचारा: तिथे कोण कोण होतं, दार कुणाच्या ताब्यात होतं, बोलल्यावर काय होईल असं तुम्हाला वाटलं होतं?

पुढच्या आठवड्यापर्यंत एवढं करा. निकाल आणि पत्र दोन्ही मुळातून वाचा, आधी निकाल, मग पत्र. निकालात जिथे जिथे ‘नाही’ आलंय तिथे पेन्सिलीनं खूण करा आणि बाजूला लिहा: हे ‘नाही’ कुणी नोंदवलं, कुठे, आणि नोंदवणाऱ्याला त्यातून काय मिळणार होतं? मग हेच तुमच्या प्रस्तावातल्या आकड्यांच्या तक्त्यावर करा. मार्गदर्शकांना दाखवायच्या आधी.